संस्थात्मक भागधारणा (भारत)

संस्थात्मक भागधारणा म्हणजे शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीच्या भागभांडवलापैकी म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, बँका, निवृत्तिवेतन निधी, पर्यायी गुंतवणूक निधी आणि विदेशी पोर्टफोलिओ गुंतवणूकदार यांच्या मालकीचा हिस्सा होय. भारतात प्रत्येक सूचीबद्ध कंपनीला आपल्या भागधारकांची वर्गवारी दर तिमाहीला शेअर बाजाराकडे सादर करावी लागते. या दस्तऐवजास भागधारणा विवरण म्हणतात. व्यवहारात 'शेअरहोल्डिंग पॅटर्न' हा शब्द अधिक रूढ आहे. कंपनीची मालकी कोणाकडून कोणाकडे सरकत आहे, हे सामान्य भागधारकाला विनामूल्य समजण्याचे ते मुख्य साधन आहे. मात्र हे विवरण एका ठरावीक दिवसाचे चित्र असते आणि त्यातील 'संस्था' या एका शब्दाखाली परस्परांहून अत्यंत भिन्न हेतूंचे मालक एकत्र आलेले असतात. त्यामुळे त्यातील टक्केवारीचा अर्थ लावताना तिच्या मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात.

संज्ञा व वर्गवारी

भागधारणा विवरणात भागधारकांचे प्रवर्तक व प्रवर्तक समूह, सार्वजनिक भागधारक आणि या दोहोंत न मोडणारे, असे तीन मुख्य वर्ग केलेले असतात. तिसऱ्या वर्गात कर्मचारी कल्याण न्यासाकडील शेअर, तसेच विदेशातील ठेवपावत्यांच्या आधारासाठी अभिरक्षकाकडे ठेवलेले शेअर येतात. सार्वजनिक भागधारकांचे पुन्हा संस्था व बिगर-संस्था असे भाग पडतात. २०२२ मधील सुधारणेनंतर देशी संस्था आणि विदेशी संस्था यांची बेरीज स्वतंत्रपणे दाखवली जाते.

येथे 'संस्था' हा शब्द पारिभाषिक अर्थाने वापरला जातो. एखाद्या खाजगी कंपनीने दुसऱ्या कंपनीचे शेअर घेतले, तर ती धारणा संस्थात्मक ठरत नाही. ती बिगर-संस्था वर्गातील निगम निकायांखाली दाखवली जाते. पश्चिम महाराष्ट्रात 'संस्था' म्हटले की सहकारी पतसंस्था किंवा विकास सेवा संस्था डोळ्यांसमोर येते. विवरणातील संज्ञेशी तिचा संबंध नाही. ज्यांचा व्यवसायच इतरांचा पैसा गोळा करून गुंतवण्याचा आहे आणि जे त्यासाठी नियामकाच्या देखरेखीखाली आहेत, अशा गुंतवणूकदारांना स्थूलमानाने ही संज्ञा लागू होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

स्वातंत्र्योत्तर भारतात संस्थात्मक भागधारणेचा पाया सरकारी संस्थांनी घातला. जानेवारी १९५६ मध्ये, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, आयुर्विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण करण्यात आले आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. मुंबईत मुख्यालय असलेले हे महामंडळ देशातील अनेक मोठ्या कंपन्यांचे भागधारक बनले. १९६४ मध्ये युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाचे कामकाज सुरू झाले. या दोन संस्थांमार्फत मध्यमवर्गीयांची बचत शेअर बाजारात येऊ लागली.

या मालकीवर सार्वजनिक नजर असावी, हा प्रश्न लवकरच उपस्थित झाला. महामंडळाने १९५७ मध्ये उद्योजक हरिदास मुंदडा यांच्याशी निगडित सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर खरेदी केले. फिरोज गांधी यांनी हा विषय लोकसभेत मांडला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या आयोगाने मुंबईत जाहीर सुनावणी घेतली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला. विमाधारकांच्या पैशातून कोणत्या कंपनीचे शेअर घेतले जातात, हा केवळ संस्थेच्या कार्यालयातील विषय नाही, हे या प्रकरणाने अधोरेखित केले.

१४ सप्टेंबर १९९२ रोजी जाहीर झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी परदेशी संस्थात्मक गुंतवणूकदारांना भारतीय बाजार खुला झाला. त्याच वर्षी भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळास (सेबी) कायद्याचे अधिष्ठान मिळाले. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर कागदी भागप्रमाणपत्रांची जागा डीमॅट नोंदींनी घेतली. एनएसडीएल (१९९६) व सीडीएसएल (१९९९) या दोन्ही डिपॉझिटऱ्या मुंबईत आहेत. मालकीची नोंद संगणकीय झाल्यामुळे भागधारकांची यादी वारंवार आणि वर्गवार काढणे शक्य झाले. आजच्या विवरणाचा तांत्रिक आधार हाच आहे.

माहितीचे स्रोत

संस्थात्मक मालकीचा मागोवा एकाच कागदावरून घेता येत नाही. निरनिराळ्या नियमांखाली निरनिराळ्या वेळी प्रसिद्ध होणारी माहिती जुळवून पाहावी लागते.

तिमाही भागधारणा विवरण: सेबीच्या २०१५ च्या सूचीबद्धता व प्रकटीकरण विनियमांतील ३१ व्या विनियमानुसार तिमाही संपल्यापासून २१ दिवसांत कंपनीने हे विवरण द्यावयाचे असते. प्रवर्तक समूहातील प्रत्येकाचे नाव त्यात असते. सार्वजनिक भागधारकांपैकी मात्र १ टक्का किंवा त्याहून अधिक शेअर असणाऱ्यांचीच नावे दिली जातात; बाकीच्यांची केवळ संख्या आणि एकत्रित धारणा कळते. तारण ठेवलेल्या शेअरांची माहितीही याच विवरणात असते.

मोठ्या खरेदी-विक्रीचे प्रकटीकरण: २०११ च्या संपादन व अधिग्रहण विनियमांनुसार एखाद्याची धारणा ५ टक्क्यांवर पोहोचली की ते उघड करावे लागते, त्यानंतर २ टक्क्यांहून अधिक बदल झाल्यास पुन्हा प्रकटीकरण करावे लागते. धारणा २५ टक्क्यांवर गेल्यास उर्वरित भागधारकांसाठी किमान २६ टक्के शेअर खरेदी करण्याचा खुला प्रस्ताव द्यावा लागतो.

घाऊक सौद्यांची यादी: एका दिवसात एका ग्राहकाने कंपनीच्या एकूण शेअरांपैकी ०.५ टक्क्याहून अधिक शेअरांचा व्यवहार केल्यास शेअर बाजार त्याचे नाव, संख्या व भाव त्याच दिवशी प्रसिद्ध करतो.

म्युच्युअल फंडांची मासिक यादी: प्रत्येक फंडास आपल्या योजनांतील गुंतवणुकीचा तपशील महिना संपल्यापासून १० दिवसांत जाहीर करावा लागतो. त्यामुळे देशी फंडांच्या बाबतीत तिमाहीपर्यंत थांबावे लागत नाही आणि १ टक्क्याखालील धारणाही दिसते. विदेशी गुंतवणूकदारांवर कंपनीनिहाय मासिक यादी देण्याचे असे बंधन नाही. त्यांची एकूण व क्षेत्रनिहाय आकडेवारीच डिपॉझिटरीमार्फत कळते.

अमेरिकेतील पद्धत याच्या उलट दिशेने जाते. तेथे १० कोटी डॉलर किंवा अधिक किमतीचे विहित शेअर सांभाळणाऱ्या गुंतवणूक व्यवस्थापकाला तिमाहीनंतर ४५ दिवसांत 'फॉर्म १३-एफ' द्वारे आपल्याकडील कंपन्यांची यादी द्यावी लागते. या व्यवस्थेचा कायदेशीर आधार १९७५ मध्ये घातला गेला. थोडक्यात, अमेरिकेत गुंतवणूकदार आपल्या कंपन्या सांगतो, तर भारतात कंपनी आपले भागधारक सांगते. भारतीय पद्धतीत कंपनीचे समग्र चित्र एका जागी मिळते. परंतु एखाद्या विदेशी निधीकडे भारतातील कोणकोणते शेअर आहेत हे पाहण्यासाठी प्रत्येक कंपनीचे विवरण चाळावे लागते.

धारणेवरील मर्यादा

एका म्युच्युअल फंडाला आपल्या सर्व योजनांमार्फत मिळून कोणत्याही कंपनीच्या मतदानाधिकार असलेल्या भांडवलापैकी १० टक्क्यांहून अधिक हिस्सा घेता येत नाही. एका विदेशी पोर्टफोलिओ गुंतवणूकदाराची, किंवा समान मालकीच्या अशा गुंतवणूकदारांच्या गटाची, धारणा १० टक्क्यांखाली असावी लागते. ती मर्यादा ओलांडल्यास जादा शेअर विकणे किंवा ती गुंतवणूक थेट परकीय गुंतवणूक म्हणून वर्ग करून घेणे, हे मार्ग असतात. सूचीबद्ध कंपनीत किमान २५ टक्के सार्वजनिक भागधारणा असणे २०१० च्या सुधारणेनंतर आवश्यक झाल्यामुळे प्रवर्तकांचा वाटा सामान्यतः ७५ टक्क्यांवर राहू शकत नाही.

मतदानातील महत्त्व

मालकीचा मागोवा घेण्याचे कारण केवळ शेअरचा भाव नव्हे. कंपनी कायदा, २०१३ नुसार विशेष ठराव संमत होण्यासाठी विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने पडावी लागतात. म्हणजेच पडलेल्या मतांपैकी २५ टक्क्यांहून अधिक मते विरोधात गेली, तर प्रवर्तकांचे बहुमत असूनही ठराव फेटाळला जातो. मतदानाधिकार असलेल्या भरणा झालेल्या भांडवलापैकी किमान एक दशांश हिस्सा असणाऱ्या सभासदांना असाधारण सर्वसाधारण सभेची मागणी करता येते.

या अधिकाराचा कायदेशीर अर्थ एस्कॉर्ट्स प्रकरणात स्पष्ट झाला. १९८०च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनस्थित उद्योजक स्वराज पॉल यांच्या कपारो समूहाने एस्कॉर्ट्स कंपनीचे शेअर घेतले. कंपनीने त्यांची नोंद करण्यास नकार दिला आणि वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. कंपनीचे निम्म्याहून अधिक शेअर सरकारी वित्तीय संस्थांकडे होते. आयुर्विमा महामंडळाने काही संचालकांना दूर करण्यासाठी सभेची मागणी केली. १९ डिसेंबर १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सभा बोलावण्याचा अधिकार कोणत्याही भागधारकाप्रमाणे महामंडळालाही आहे आणि मागणीमागची कारणे सांगण्यास तो भागधारक बांधील नाही.

हाच निर्णय साडेतीन दशकांनी मुंबईतील झी एंटरटेनमेंट एंटरप्रायझेस या कंपनीच्या वादात पुन्हा आधारभूत ठरला. कंपनीत प्रवर्तकांकडे सुमारे ४ टक्के, तर इन्व्हेस्को समूहाच्या दोन निधींकडे मिळून १७.८८ टक्के शेअर होते. सप्टेंबर २०२१ मध्ये या निधींनी व्यवस्थापकीय संचालकांना हटवण्यासाठी असाधारण सभेची मागणी केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने ऑक्टोबर २०२१ मध्ये निधींना मनाई केली. २२ मार्च २०२२ रोजी खंडपीठाने तो आदेश रद्द केला. त्यानंतर निधींनी स्वतःच मागणी मागे घेतली. ज्या कंपनीची ओळख एका कुटुंबाशी जोडलेली होती, तिची मालकी प्रत्यक्षात त्या कुटुंबाकडे फारच थोडी उरली होती, ही बाब वाद पेटण्यापूर्वीही तिमाही विवरणांत नोंदलेली होती.

म्युच्युअल फंडांवर २०२१ पासून टप्प्याटप्प्याने मतदान सक्तीचे करण्यात आले. प्रत्येक ठरावावर आपण कोणते मत दिले आणि का दिले, हे त्यांना जाहीर करावे लागते.

कोल्हापूर जिल्ह्यातील संदर्भ

कोल्हापूर जिल्ह्यात मालकीच्या दोन पद्धती शेजारी-शेजारी नांदतात. सहकारी साखर कारखान्याचा सभासद भाग घेतो, परंतु महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार त्याच्याकडे कितीही भाग असले तरी त्याला एकच मत असते. सूचीबद्ध कंपनीत मात्र मत माणसाला नव्हे, शेअरला असते. म्हणून सहकारात सभासदांची संख्या महत्त्वाची, तर कंपनीत शेअर कोणाच्या हाती एकवटले आहेत हे महत्त्वाचे ठरते.

ओतकाम व यंत्रभागांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्यातील काही कंपन्या शेअर बाजारात सूचीबद्ध आहेत. शिरोली येथील मेनन पिस्टन्स व गोकुळ शिरगाव येथील मेनन बेअरिंग्ज या वाहनांचे यंत्रभाग बनवतात. कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील सिनर्जी ग्रीन इंडस्ट्रीज पवनचक्क्यांसाठी ओतीव भाग तयार करते. चादरी व गृहोपयोगी वस्त्रे निर्यात करणाऱ्या इंडो काउंट इंडस्ट्रीजचे नोंदणीकृत कार्यालय हातकणंगले तालुक्यातील आळते येथे आहे. सिनर्जी ग्रीन २०१८ मध्ये मुंबई शेअर बाजाराच्या लघु व मध्यम उद्योग मंचावर आली आणि पुढे मुख्य मंचावर गेली. लघु व मध्यम उद्योग मंचावरील कंपन्यांना त्या वेळी भागधारणा विवरण तिमाहीऐवजी सहामाही द्यावे लागत असे; मंच बदलल्याने मालकीच्या माहितीची वारंवारताही बदलते.

लहान भांडवलाच्या, प्रवर्तक कुटुंबाचे बहुमत असलेल्या कंपन्यांत संस्थांचा वाटा सामान्यतः अल्प असतो. मोठ्या निधीला हवे तेवढे शेअर बाजारात मिळत नाहीत आणि मिळाले तरी नंतर ते विकणे कठीण जाते. कल्पित उदाहरण घेतल्यास, एका कंपनीचे एकूण १ कोटी शेअर असून त्यांपैकी ७२ लाख प्रवर्तकांकडे आणि ३ लाख एका फंडाकडे आहेत. विवरणात फंडाचा वाटा ३ टक्के दिसतो. परंतु सार्वजनिक असलेल्या २८ लाख शेअरांशी तुलना केल्यास तो सुमारे १०.७ टक्के भरतो. त्या शेअरची रोजची उलाढाल १० हजार असेल, तर फंडाने २ लाख शेअर विकायला काढल्यास ते वीस दिवसांच्या संपूर्ण उलाढालीएवढे होतात. अशा कंपनीतील किरकोळ भागधारकाच्या दृष्टीने एका संस्थेचा प्रवेश किंवा निर्गमन मोठ्या कंपनीतील अनेक संस्थांच्या हालचालींपेक्षा अधिक परिणामकारक असते.

विवरण वाचताना होणारे गैरसमज

कालबाह्यता: ३० जूनचे चित्र जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत प्रसिद्ध होते आणि पुढचे विवरण २१ ऑक्टोबरपर्यंत येऊ शकते. त्या दिवशी आधीचे चित्र ११३ दिवसांचे झालेले असते. या अवधीत संस्थेने शेअर विकून पुन्हा घेतले असल्यास विवरणात त्याचा मागमूसही राहत नाही.

नाव गळणे म्हणजे बाहेर पडणे नव्हे: संस्थेची धारणा १.०२ टक्क्यांवरून ०.९८ टक्क्यांवर आली, तरी तिचे नाव विवरणातून नाहीसे होते. पूर्ण विक्री झाली असा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्या वर्गाची एकूण बेरीज आणि, फंड असल्यास, त्याची मासिक यादी पाहणे आवश्यक असते.

टक्का घटणे म्हणजे विक्री नव्हे: १ कोटी शेअर असलेल्या कंपनीत संस्थेकडे ५ लाख शेअर, म्हणजे ५ टक्के वाटा आहे. कंपनीने १० लाख नवे शेअर इतरांना दिल्यास त्याच संस्थेचा वाटा ४.५५ टक्क्यांवर येतो. संस्थेने एकही शेअर विकलेला नसतो. म्हणून टक्केवारीबरोबर शेअरांची संख्याही ताडून पाहावी लागते.

नोंदलेला मालक आणि खरा लाभार्थी: कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना ऑगस्ट २०१५ पासून एक्स्चेंज ट्रेडेड फंडांमार्फत शेअर बाजारात पैसे गुंतवते. कंपनीच्या विवरणात ही मालकी म्युच्युअल फंडाच्या नावे दिसते. कामगारांचा निधी म्हणून ती ओळखू येत नाही. हे फंड प्रामुख्याने निफ्टी ५० व सेन्सेक्स या निर्देशांकांना अनुसरत असल्याने, एखाद्या ओतकाम कारखान्यातील कामगार आपल्या भविष्य निर्वाह निधीद्वारे देशातील सर्वांत मोठ्या कंपन्यांचा अप्रत्यक्ष मालक असतो. तो राबतो ती लहान कंपनी मात्र त्या मालकीत बहुधा नसते. विदेशी निधींच्या मागील लाभार्थींचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. सेबीने ऑगस्ट २०२३ मध्ये, आपल्या भारतीय समभाग गुंतवणुकीपैकी निम्म्याहून अधिक रक्कम एकाच उद्योगसमूहात ठेवणाऱ्या किंवा २५ हजार कोटी रुपयांहून अधिक गुंतवणूक असणाऱ्या विदेशी गुंतवणूकदारांना, काही अपवाद वगळता, अंतिम मालकांची सविस्तर माहिती देणे बंधनकारक केले. यांपैकी रकमेची मर्यादा २०२५ मध्ये ५० हजार कोटी रुपये करण्यात आली. ही माहिती नियामकासाठी असते. तिमाही विवरणात ती येत नाही.

संस्थांची उपस्थिती म्हणजे निर्वाळा नव्हे: हैदराबाद येथील सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीत देशी-विदेशी संस्थांचा मोठा वाटा होता. तरीही हिशेबातील फेरफार ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांच्या कबुलीनंतरच उघड झाला. प्रवर्तकांनी तारण ठेवलेले शेअर कर्जदात्यांनी विकल्याने त्यांची धारणा घटत गेली होती; परंतु तारण उघड करण्याचे बंधन तोपर्यंत नव्हते. त्याच महिन्यात सेबीने प्रवर्तकांच्या तारणाचे प्रकटीकरण सक्तीचे केले. आजच्या विवरणातील तारणाचा रकाना हा त्या घटनेचा वारसा आहे.

उपयोग

पतमापन संस्था, विश्लेषक व पत्रकार यांच्याप्रमाणेच किरकोळ भागधारकही हे विवरण शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर पाहू शकतो. एका तिमाहीच्या आकड्यापेक्षा आठ-दहा तिमाहींचा क्रम अधिक बोलका असतो. प्रवर्तकांचा वाटा, त्यातील तारण, देशी व विदेशी संस्थांच्या शेअरांची संख्या, संस्थांची एकूण गणती आणि व्यक्तिगत भागधारकांची संख्या ही पाच अंगे एकत्र पाहिली असता मालकीची दिशा समजते. संस्था बाहेर पडत असताना लहान भागधारकांची संख्या वेगाने वाढत असेल, तर विकणारा कोण आणि घेणारा कोण हे विवरणावरून कळते. विक्रीचे कारण मात्र त्यात लिहिलेले नसते. ते कंपनीच्या हिशेबांत, ठरावांत आणि व्यवसायात शोधावे लागते.

हे सुद्धा पहा

भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळ
मुंबई शेअर बाजार
भारतीय आयुर्विमा महामंडळ
म्युच्युअल फंड